डेप्पिश यांच्या मशीनला कुणी हात लावला?

१

"बिघडलेलं नाही," म्हातारा म्हणाला. "दुरुस्त झालंय. कुणी केलं ते शोधून द्या."

रोझविटा आम्रहाइनने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ग्रोम्ब्यूलच्या चर्चच्या सभागृहात ती हत्यारं मांडून बसायची. लोक बंद पडलेल्या इस्त्र्या आणायचे, मुके रेडिओ आणायचे, आणि वुर्झबुर्गचं पाणी पिऊन पिऊन पांढरी पडलेली कॉफी मशीनं तर ढिगाने आणायचे. चालणारं मशीन उराशी धरून आलेला हा पहिलाच.

"बसा आधी. नाव?"

"डेप्पिश. कोन्राड डेप्पिश. वय एक्याऐंशी. आज शनिवार, जूनची सहा तारीख. डोकं ठिकाणावर आहे."

एवढं सगळं त्याने न विचारता सांगितलं, आणि शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज हलला. रोझविटाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

मशीन साधंच होतं. मागे पाण्याची टाकी, वर कागदाच्या गाळणीचं पात्र, खाली काचेचं भांडं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं, पण जपलेलं.

"माझ्या बायकोचं," डेप्पिश म्हणाले. "गुद्रूनचं. दर महिन्याच्या एक तारखेला ती याचा क्षार काढायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर मी कुणाला हात लावू दिला नाही. शेवटचं तिने स्वच्छ केलं, ते तसंच राहू दे म्हटलं. मग हळूहळू हे खोकायला लागलं. एक भांडं कॉफी उतरायला वीस मिनिटं. आणि परवा, गुरुवारी सकाळी बटण दाबलं, तर सहा मिनिटांत भांडं भरलं. खोकणं नाही, वाफेचे फवारे नाहीत. आणि चव..." ते थांबले. "तिच्या हातची."

"मग रडू आलं असेल."

"आधी घाम फुटला. मी मुलीला फोन केला, म्हटलं, घरात कुणीतरी येऊन गेलं. बिर्गिट म्हणाली, पप्पा, तुम्हीच केलं असेल आणि विसरला असाल. मला क्षार कसा काढतात हेसुद्धा माहीत नाही हो! पण येत्या गुरुवारी अकरा वाजता विम्याची तपासनीस येतेय. मला एकटं राहता येतं का ते बघायला. बिर्गिट तिला हे सांगणार. न्यूर्नबर्गच्या वृद्धाश्रमात तिने खोलीही बघून ठेवलीय." त्यांनी दोन्ही तळवे मशीनवर ठेवले. "बाई, खरंच मीच केलं असेल, तर तसं सांगा. मग मी गुपचूप जाईन."

रोझविटाने मशीन स्वतःकडे ओढलं. एकतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिने पाण्यातला चुना मोजला होता. आणि एके वर्षी, एका दुपारी, आईला वृद्धाश्रमात ठेवायच्या कागदावर सही केली होती. आई तेव्हा घरात कुणी तरी येतं असं म्हणत होती. खरंच कुणी येत होतं का, हे रोझविटाने तेव्हा पाहिलं नव्हतं.

तिने मशीन उलटं केलं, चार स्क्रू काढले, तळ उचलला आणि विजेरी आत धरली. बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"हेर डेप्पिश," ती शेवटी म्हणाली, "हे तुम्ही केलेलं नाही. तुमच्या घरात खरंच कुणीतरी येऊन गेलंय. आणि एकदा नाही, निदान तीनदा."

२

सोमवारी सकाळी ती त्यांच्या घरी पोचली तेव्हा स्नेझाना त्यांच्या पायांत घट्ट मोजे चढवत होती. रोज सकाळी साडेसात वाजता येणारी ही परिचारिका, मूळची क्रोएशियाची, तोंडाने बोलत हाताने काम करणारी.

"मी? मशीन?" ती हसली. "फ्राउ आम्रहाइन, मला या घरात वीस मिनिटं मिळतात. त्यात रक्तदाब, गोळ्या आणि हे मोजे. आणि एका मोज्यानंतर दुसरा घालेपर्यंत हे मला लग्नाचे फोटो दाखवतात."

"एकच अल्बम आहे," डेप्पिश पुटपुटले.

"दोन आहेत! हिवाळ्यात मी सरळ विचारलं होतं, हेर डेप्पिश, हे आतून धुऊ का, आवाज ऐकवत नाही. असे अंगावर आले की मी चहाच प्यायला लागले."

"तो खोकण्याचा आवाज कधी थांबला?"

स्नेझाना मोज्याची सुरकुती काढता काढता थांबली. "एकदम नाही थांबला. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून थोडा थोडा कमी होत गेला. मी म्हटलं, यांनीच शेवटी हट्ट सोडला. किल्ली माझ्याकडे नाही बरं का. हे दार उघडतात तेव्हाच मी आत येते."

"किल्ल्या किती आहेत?"

"तीन," डेप्पिश म्हणाले. "एक माझी, एक बिर्गिटकडे. तिसरी गुद्रूनकडे होती. तिच्या पर्समध्ये असेल."

पर्स कपाटात होती. आत हातरुमाल होता, खोकल्याच्या गोळ्या होत्या, कापडाच्या दुकानातली जुनी चिठ्ठी होती. किल्ली नव्हती. डेप्पिश यांनी पर्स झटकली, मग अस्तर चाचपलं.

"आठवड्यात तुम्ही घराबाहेर कधी असता?" रोझविटाने विचारलं.

"बुधवारी. दोनच्या बसने स्मशानात जातो, चारच्या बसने परत. पाऊस असो, बर्फ असो."

स्वयंपाकघरात क्षणभर शांतता झाली. त्या शांततेत भिंतीपलीकडे कुणीतरी कपात चमचा फिरवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग एक खोकला, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज.

"शेजारी कोण राहतं?"

"एक माणूस," डेप्पिश म्हणाले. "मी त्याच्याशी बोलत नाही. नऊ वर्षं झाली. अंगणातला अक्रोड तोडायला मी मत दिलं म्हणून त्याने मला जिन्यात खुनी म्हटलं. झाडासाठी!"

रोझविटाने बिर्गिटला फोन लावला. ती एका दातांच्या दवाखान्यात काम करत होती. मागे यंत्राची घरघर चालू होती.

"मी कशाला चोरून करू?" बिर्गिट म्हणाली. "मला करायचं ते मी तोंडावर करते. नाताळात नवं मशीन घेऊन गेले, पप्पांनी ते पोस्टाने परत पाठवलं. आणि बुधवारी मी सहापर्यंत इथून हलू शकत नाही."

"मग तुमच्या मते त्यांनीच केलं."

"दुसरं कोण करणार?" आवाज एकदम खाली आला. "एप्रिलमध्ये दाराला बाहेरून किल्ली तशीच विसरून ते रात्रभर झोपले. तुम्हाला वाटत असेल, मुलगी बापाला घराबाहेर काढतेय. मी रोज सकाळी सात वाजता फोन करते ना, तर ते फोन उचलेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. रोज. मी शंभर किलोमीटरवर आहे. मी भ्यालेय हो."

रोझविटाला या बाईवर रागवायचं होतं. ते तिला जमलं नाही.

ती निघाली. जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या गजांना, जिरेनियमच्या कुंड्या टांगलेल्या होत्या. वर येताना ती लाल फुलं बघत आली होती. आता उतरताना तिचं लक्ष कुंड्या बांधलेल्या तारेकडे गेलं, आणि तिचा पाय पायरीवरच थांबला.

३

बारीक तार दुहेरी घेऊन तिला एकसारखे पीळ दिलेले होते. पीळ इतके सारखे की मशीनने घातलेत असं वाटावं. टोक आत वळवून दाबलेलं, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून.

शनिवारी डेप्पिश यांच्या मशीनच्या तळाशी तिने नेमकं हेच पाहिलं होतं. आतली जुनी रबरी नळी बदलून तिथे नवी घातली होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना अशीच तार होती. दुरुस्तीवाले तिथे पट्टीची चाप लावतात. तार कुणी वापरत नाही.

ती परत वर चढली. डेप्पिश यांच्या दाराला लागून असलेल्या दारावर 'फोलमुट' अशी पाटी होती. तिने घंटी वाजवली.

दार उघडलं ते उंच, वाकलेल्या, निळ्या कामाच्या कोटातल्या माणसाने. सत्तरी ओलांडलेली, पण हात अजून भक्कम.

"कुंड्या तुमच्या?"

"फुलं तोडू नका म्हणजे झालं."

"तार फार सुरेख बांधलीय. कुठे शिकलात?"

"रेल्वेच्या कारखान्यात. इंजिनं थरथरतात, नट सैल होतात. अशी तार बांधली की होत नाहीत." मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि चेहरा बंद झाला. "आपण कोण?"

"मी कॉफी मशीनं दुरुस्त करते. शेजारच्यांचं मशीन कुणीतरी माझ्याहून चांगलं दुरुस्त केलंय. ओळख करून घ्यावी म्हटलं."

"मला काही माहीत नाही. शेजाऱ्यांशी माझा संबंध नाही."

दार लोटलं गेलं, पण आतली पावलं दूर गेली नाहीत. रोझविटा दारालाच तोंड करून हळू आवाजात बोलली.

"हेर फोलमुट, गुरुवारी अकरा वाजता विम्याची तपासनीस येतेय. तिला सांगणार आहेत की म्हाताऱ्याने स्वतः मशीन साफ केलं आणि त्याला ते आठवतही नाही. त्यांची खोली न्यूर्नबर्गला ठरलीय. हेर डेप्पिश स्वतःही आता तेच खरं मानायला लागलेत. मी गुरुवारी नऊ वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात असेन."

आतली पावलं तेव्हा कुठे दूर गेली.

४

गुरुवारी नऊला बिर्गिट मुक्कामाची बॅग घेऊन पोचलेली होती. पन्नाशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली, बापाच्याच हनुवटीची. डेप्पिश यांनी कोट घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते. टेबलावर मशीन होतं. रोझविटाने मुद्दाम भिंतीलगतची खुर्ची घेतली आणि नेहमीपेक्षा मोठ्याने बोलायला लागली.

"क्षार काढायला लोक व्हिनेगर घालतात. व्हिनेगर तापवलं की घर दोन दिवस आंबट वासाने भरून राहतं. हेर डेप्पिश, वास आला होता?"

"अजिबात नाही."

"म्हणजे लिंबूसत्त्व वापरलं. पण लिंबूसत्त्व तापवलं की चुन्याबरोबर त्याचा नवाच दगड होतो, तो काही केल्या निघत नाही. लोक ही चूक हमखास करतात, आणि मशीन माझ्याकडे येतं. या मशीनमध्ये तो दगड कणभरही नाही. ज्याने हे केलं त्याने तळ उघडला, नळी काढली आणि तापणाऱ्या पाइपात गार पाणी-लिंबूसत्त्व भरून ठेवलं. दोन वर्षांचा थर एका बैठकीत निघत नाही. पाइपाच्या तोंडाशी राहिलेल्या चुन्यावर पाण्याच्या तीन रेषा आहेत, एकीखाली एक. तीन बैठका."

"पप्पांनी तीनदा केलं असेल," बिर्गिट म्हणाली, पण आधीइतकं ठामपणे नाही.

"तुमच्या पप्पांना मी शनिवारी तळाचे स्क्रू परत बसवायला दिले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला."

"प्रकाश कमी होता," डेप्पिश म्हणाले.

"स्नेझानाकडे वीस मिनिटं असतात, आणि या कामाला दर वेळी तासभर लागतो. तुम्ही, फ्राउ बिर्गिट, बुधवारी कामावर असता. शिवाय तुम्ही दोघींनी यांच्याशी समोरासमोर वाद घातलात. ज्याला वाद घालता येतो त्याला चोरून यायची गरज पडत नाही. चोरून तोच करेल, ज्याला यांच्याशी बोलताच येत नाही. ज्याला बुधवारची दोनची बस माहीत आहे. ज्याला गुद्रूनबाईंनी विश्वासाने किल्ली दिली होती. आणि ज्याचे हात इंजिनाच्या नटांना तार बांधण्यात सरावलेत, कारण आतल्या नव्या नळीलाही तसेच तारेचे पीळ आहेत."

डेप्पिश यांची मान सावकाश भिंतीकडे वळली.

"तो?"

"हे सगळं तुमचा अंदाज," बिर्गिट म्हणाली. तिच्या हातातला रुमाल पिळला जात होता. "तपासनिसाला मी काय सांगू, तारेचे पीळ? कुणी येऊन सांगेल का, की हो, मी केलं?"

रोझविटाने नजर दाराकडे वळवली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. एक मिनिट गेलं. बिर्गिटने निःश्वास टाकला आणि पिशवीतून कागद काढले.

तेवढ्यात बाहेर कुलपात किल्ली फिरली.

५

फोलमुट दारातच उभे राहिले. मग त्यांनी किल्ली टेबलाच्या कडेला ठेवली, जणू ती गरम होती.

"मी केलं," ते म्हणाले. "मेचे शेवटचे दोन बुधवार आणि जूनचा पहिला. माझ्या घरी नेऊन. सव्वातीनला परत जागेवर."

"तुम्ही गुद्रूनच्या मशीनला हात लावलात?" डेप्पिश उठून उभे राहिले. "नऊ वर्षं मला जिन्यात वाट देत नाही तो माणूस, माझ्या घरात शिरून..."

"हो."

"का?"

फोलमुट यांनी भिंतीकडे बघितलं. "तुमचं मशीन माझ्या पलंगाच्या डोक्याशी वाजतं. सकाळी सहाला. गुद्रूनबाई गेल्या तेव्हापासून तो आवाज आला की मला कळतं, तुम्ही उठलात. मग मी उठतो." ते थांबले. "बारा मेला आवाज आला नाही. सहा वाजले, सव्वासहा वाजले. ही किल्ली घेऊन मी तुमच्या दाराबाहेर उभा राहिलो. आत जायची हिंमत होईना. माझी बायको एके सकाळी गेलेली मलाच सापडली होती, मला पुन्हा तसं... सात मिनिटं उभा होतो. मग तुम्ही आतून मशीनला शिवी घातलीत. अशी घाणेरडी शिवी मी कारखान्यातसुद्धा ऐकली नव्हती."

"त्या दिवशी ते तापून बंद पडलं होतं," डेप्पिश हळूच म्हणाले. "अर्ध्या तासाने सुरू झालं."

"मी घरी जाऊन पलंगावर बसलो. म्हटलं, हे मशीन पुन्हा बंद पडता कामा नये. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही दार आपटलं असतं."

"आपटलंच असतं."

"पण तुम्हाला वेडं ठरवतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सोमवारपासून झोपलो नाही. लाज वाटत होती, म्हणून आज नऊ वाजेपर्यंत दम धरला. त्याची माफी मागतो."

डेप्पिश खुर्चीत बसले. त्यांनी चेहरा हातांत घेतला आणि खांदे हलायला लागले. बिर्गिट धावली, त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसली. "पप्पा, पप्पा, नका ना."

"मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "बिर्गिट, मी विसरलो नव्हतो गं. आठवडाभर मी आरशात बघून स्वतःला तारीख सांगतोय."

बिर्गिटने त्यांचा ओला हात गालाला लावला. "मी तुमचं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. "मी ऐकलंच नाही." ते कागद तिच्या मांडीवरून घसरून जमिनीवर पसरले, कुणी उचलले नाहीत.

थोड्या वेळाने डेप्पिश यांनी मशीनकडे बघितलं. "पण तिने शेवटचं स्वच्छ केलेलं होतं ते. ते गेलंच ना आता."

यावर फोलमुट यांची मान खाली गेली. उत्तर रोझविटाने दिलं. हे ती इतकी वर्षं चुना मोजत आली म्हणूनच तिला सांगता आलं.

"हेर डेप्पिश, ते केव्हाच गेलं होतं. तुम्ही जपत होतात तो दोन वर्षांचा चुना. रोज सकाळी तुमच्याच नळाचा, थोडा थोडा साठलेला. गुद्रूनबाई दर महिन्याला तोच खरवडून काढायच्या. मागच्या गुरुवारी तुम्हाला जी चव लागली ना, ती तो निघाल्यावरची."

डेप्पिश यांनी मशीनवर तळवा ठेवला. मग त्यांनी टेबलावरची किल्ली बोटाने फोलमुट यांच्याकडे सरकवली.

"ठेवा तुमच्याकडेच. पुढच्या वेळी सात मिनिटं उभे राहू नका. सरळ आत या."

अकराला तपासनीस बाई आली. तिने डेप्पिश यांना तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मोजे दाखवायला सांगितलं. बिर्गिटने एप्रिलमधल्या किल्लीची गोष्टही लपवली नाही. बाईने लिहून घेतलं, शेजारी रोज सकाळी लक्ष ठेवतात का ते विचारलं, आणि फोलमुट यांनी "ठेवतो" म्हटल्यावर तेही लिहून घेतलं. आठवड्याला थोडी जास्त मदत मंजूर झाली. न्यूर्नबर्गची खोली बिर्गिटने त्याच दुपारी सोडून दिली आणि फोलमुट यांचा फोन नंबर आपल्या मोबाइलमध्ये बापाच्या नंबराखाली नोंदवला.

जुलैच्या एक तारखेला डेप्पिश यांनी रोझविटाला बोलावून घेतलं, स्वतः क्षार काढायला शिकायचं म्हणून. ती चेरीचा केक घेऊन गेली, पण शिकवायचं काम तिच्या वाट्याला आलंच नाही.

"गार पाणी! गार!" फोलमुट ओरडत होते. "गरम घातलंत तर दगड होईल, सांगितलं ना तुम्हाला!"

"तुम्ही ओरडू नका, माझा हात हलतो."

"हलू देऊ नका."

द्रावण पाइपात गेलं. डेप्पिश यांनी हात पुसले, मग आपल्या ओल्या, लिंबाच्या वासाच्या हाताकडे बघत म्हणाले, "बेचाळीस वर्षं आपण या जिन्यात तुम्ही-तुम्ही करतोय. आता आयुष्यही फारसं उरलेलं नाही." त्यांनी हात पुढे केला. "मी कोन्राड."

फोलमुट यांनी कोटाला हात पुसला. दोनदा पुसला. "ओटमार," ते म्हणाले, आणि हात धरून ठेवला. दोघंही मशीनकडे बघत राहिले.

"अजून पाऊण तास भिजायला हवं," शेवटी ओटमार म्हणाले.

"मग उभा का आहेस?" कोन्राड म्हणाले. "बस की."